चटका न लागणारी बोटं

रेवडी मी खात नाही. संक्रांतीला कोणी वाटी पुढे केली की आमची सून लगेच सांगते, आईंना दातांचा त्रास आहे. दात माझे अजून धड आहेत, पण मी तिला तसं सांगू देते. पाथरीच्या नारायण हलवायाची हकीकत चारचौघांत सांगत बसण्यापेक्षा दातांवर ढकललेलं सोयीचं पडतं. आज सांगते, कारण ती माहीत असलेलं माझ्याशिवाय आता कोणी उरलेलं नाही.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, बदली पाथरीला झाली. मी नऊ वर्षांची होते. पेठेतून शाळेकडे जाताना वळणावर नारायणमामाचं दुकान लागायचं. वर पत्रा, पुढे भट्टी, मागे भिंतीत ठोकलेली हातभर लांब, जाड लाकडी खुंटी आणि खाली तेल लावून गुळगुळीत केलेली फरशी. काचेचं कपाट वगैरे काही नव्हतं. परातीत बत्तासे, टोपलीत रेवड्या, बाजाराच्या दिवशी जिलबी, पाडव्याच्या आधी महिनाभर साखरेच्या गाठी. माल एवढाच. पण गाव तिथं थांबायचं ते मालासाठी नाही, मामाचा हात बघण्यासाठी.

पाक कुठवर आला हे हलवाई झाऱ्यावरून थेंब घेऊन, पाण्यात टाकून बघतो. नारायणमामा सरळ कढईत बोटं घालायचा. अंगठा आणि तर्जनी उकळत्या पाकात बुडवायचा, बाहेर काढून बोटं फाकवायचा आणि मधे तार धरून आम्हाला दाखवायचा. आम्ही मुली ओरडायचो. तो हसायचा. मग पाक गोळीबंद झाला की फरशीवर ओतायचा, गोळा करून खुंटीवर टाकायचा आणि दोन्ही हातांनी ओढायला लागायचा. तांबूस पाक ओढता ओढता पांढराशुभ्र व्हायचा. दुसरा कुठलाही हलवाई हाताला तूप लावून, फू फू करत, मधे मधे सोडून देत ओढतो. मामा मात्र गप्पा मारत ओढायचा, जसं काही दोरीच वळतोय.

"साखर वळखती मला," असं तो म्हणायचा. बाहेरगावचं कोणी आलं की पेठेतले व्यापारी त्याला हाताला धरून दुकानापुढं आणायचे. आमच्या गावात असा माणूस आहे, हे दाखवण्यात त्यांना मोठेपणा वाटायचा. कोणी म्हणायचं देवाची करणी, कोणी म्हणायचं त्याच्या बापानं लहानपणी चटके देऊन देऊन हात तयार केला. बापानं चटके दिले होते हे खरंच होतं. पण मामा स्वतः सांगायचा ते वेगळं होतं. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी, ऐन थंडीत, एका सकाळी पाक ओढताना त्याच्या ध्यानात आलं की आज हात भाजत नाहीये. दुसऱ्या दिवशीही भाजला नाही. आठवडाभर वाट बघून त्यानं मारुतीला पाच शेर पेढे वाटले. हातात बरकत आली म्हणून.

मला ही पेढ्यांची गोष्ट तेव्हा फार आवडायची. आता ती कोणाला सांगवत नाही.

माणूस दिसायला तुकतुकीत होता. चेहऱ्यावर सतत तेल चोपडल्यासारखी चमक. कानाच्या पाळ्या जाड, लोंबत्या. पेठेतल्या म्हाताऱ्या म्हणायच्या, असे कान भाग्यवानाचे असतात. भुवया मात्र अर्ध्यावर विरळ होऊन संपलेल्या, बाहेरच्या बाजूला केसच नाहीत. त्यावरून त्याची थट्टा चालायची की भट्टीनं भुवया खाल्ल्या, आता मिशा सांभाळ. तोही मिशीवर हात ठेवून घाबरल्याचं सोंग करायचा. मुलींना तो नाव घेऊन हाक मारत नसे, सगळ्यांना 'ताईसाब' म्हणायचा. एक रेवडी फुकट द्यायची झाली तरी आधी ती स्वतः चावून, माल ठीक आहे असं मान हलवून सांगायचा आणि मग दुसरी द्यायचा.

एक दिवस शाळा सुटल्यावर मी एकटीच त्याच्यापुढं उभी होते. मामा कोणा गिऱ्हाइकाशी साखरेच्या टंचाईवर बोलत होता. बोलता बोलता डावा हात त्यानं कढईच्या काठावर टेकवला आणि तसाच बोलत राहिला. थोड्या वेळानं वास आला. मामानं नाक वर केलं, कढईत डोकावला आणि बायकोला आत हाक मारली, "अगं, साखर करपायलीय का काय, बग." बायको, सरजाबाई, बाहेर आली. तिनं कढईकडे पाहिलं नाही. तिनं सरळ जाऊन त्याचं मनगट धरलं आणि हात उचलला. तळव्याची कातडी काठाला चिकटून राहिली. मामा त्या हाताकडे बघून हसला आणि म्हणाला, लक्ष नव्हतं. सरजाबाई हसली नाही. तिनं पदराला हात पुसले, मला म्हणाली, जा बाई घरी, आणि आत गेली. तिला काहीतरी कळलेलं होतं असं मला आजही वाटतं.

घरी येऊन मी मोठ्या कौतुकानं हे सगळं अण्णांना सांगितलं. आता अण्णांची नोकरी सांगायला हवी. ते कुष्ठरोग खात्यात तपासनीस होते. सायकलवर गावोगाव हिंडायचे, शाळांतून पोरांचे सदरे काढून पाठी बघायचे, वाड्यावस्त्यांवर बायाबापड्यांना गोळा करून चट्टे तपासायचे. त्यांच्या पिशवीत एक कोंबडीचं पीस, कापूस, टाचणी आणि कुष्ठावरच्या डीडीएसच्या पांढऱ्या गोळ्या असायच्या. मी बोलत होते आणि अण्णा जेवता जेवता थांबले. भुवया कशा आहेत, असं त्यांनी विचारलं. मी थट्टेची गोष्ट सांगितली. मग कानांचं विचारलं. मी तेही सांगितलं. त्यांनी ताट बाजूला सरकवलं आणि हात धुतले.

दुसऱ्या दिवशी ते दुकानापुढं जाऊन उभे राहिले. नुसते उभे राहून बघत होते. मामाला वाटलं, हा भेसळ बघणारा साहेब आला. त्यानं पायानंच जिलबीच्या पिवळ्या रंगाचा डबा फळीखाली ढकलला. अण्णा घरी येऊन हे सांगताना हसले, पण ते तेवढ्यापुरतंच. नंतर आई हळू आवाजात म्हणाली, मग पोरगी रोज त्याच्याकडचं खाती त्याचं काय? अण्णा म्हणाले, खाण्यानं होत नाही, मी हजारदा सांगितलंय लोकांना, आता घरात पण सांगू का? आईनं मान डोलावली. अण्णा कामावर गेल्यावर तिनं मला मोरीवर नेऊन मिठाच्या पाण्यानं चार वेळा चूळ भरायला लावली.

अण्णा तीनदा गेले मामाकडे, दुपारी गिऱ्हाईक नसताना. पहिल्या वेळी मामानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. दुसऱ्या वेळी हसला. तिसऱ्या वेळी चिडला. लोक ज्याला हुनर म्हणतात त्याला साहेब रोग म्हणतात, असं त्याचं म्हणणं. अण्णांनी त्याला समजावलं की वेळ आहे, अजून बोटं शाबूत आहेत, रोज गोळी घेतली तर पुढचं थांबेल, कोणाला कळायची गरज नाही, मी स्वतः घरी आणून देईन. मामानं त्यांना दुकानाबाहेर काढलं नाही इतकंच. अण्णा घरी आले. सरकारी वहीत त्याचं नाव लिहायला हवं होतं आणि ते लिहिलं की बोभाटा होणार हेही त्यांना माहीत होतं. त्या महिन्यात त्यांनी ते लिहिलं नाही.

मग बाजाराचा तो दिवस आला. अण्णांच्या खात्याचा प्रचाराचा कार्यक्रम होता. दर काही महिन्यांनी व्हायचा. बाजारात एका झाडाखाली टेबल मांडून, चित्रांचा तक्ता लावून अण्णा बोलायचे. मी तक्ता धरायला गेले होते. गर्दी बरी होती, कारण शेजारीच मामाची जिलबी चालली होती आणि बायका पोरांच्या हातात रेवड्या देऊन सावलीला उभ्या होत्या. अण्णा सांगत होते की हा शाप नाही, पाप नाही. चट्टा असतो, तिथं टोचलं तर कळत नाही, भाजलं तर कळत नाही, कधी भुवया विरळ होतात. दवा आहे. लपवू नका.

मला तेव्हाच वाटलं होतं की अण्णांनी इथं, या जागी, हे बोलायला नको होतं. भाजलं तर कळत नाही, असं ते म्हणाले तेव्हा दोनचार माना भट्टीकडे वळल्या होत्या. त्या मामानंही पाहिल्या.

तो झारा ठेवून उठला. हात पुसत, हसत टेबलापाशी आला. पेठ आपली आहे, इतकी वर्षं या लोकांनी आपला हात मिरवलाय, ते साहेबाचं ऐकतील की आपलं, असा त्याला भरवसा असणार. "सायब, मला टोचा," तो म्हणाला. "सगळ्यांम्होरं टोचा. मग सांगा रोग हाय का बरकत हाय."

अण्णा म्हणाले, "नारायणराव, तुमी नका. संध्याकाळी बोलू आपण."

मामानं टेबलावरची टाचणी उचलली. डाव्या हाताच्या करंगळीकडून, कातडीत, तिरकी, डोक्यापर्यंत आत घातली. तोंडावरची रेषही हलली नाही. मग दुसरीकडे घातली. हात वर करून चारी बाजूंनी फिरवला, पाक दाखवताना फिरवायचा तसा. थोडं रक्त मनगटावरून खाली आलं. तो लोकांकडे बघत होता, आता कोणीतरी वाहवा म्हणेल म्हणून.

पुढं एक बाई उभी होती, कडेवर पोर. तिनं पोराच्या तोंडात बोट घालून रेवडी बाहेर काढली आणि खाली टाकली. तिच्या शेजारणीनं पदराच्या गाठीतली पुडी सोडून तिथंच ठेवली. मग सगळे हळूहळू पांगले, जणू काही कामं आठवली आहेत. मामाचा हात अजून वरच होता. मी त्याचा चेहरा बघितला. त्याला त्या क्षणी पहिल्यांदा अण्णांचं म्हणणं पटलं.

दुसऱ्या दिवसापासून दुकानाला गिऱ्हाईक नव्हतं. भांडण नाही, शिवी नाही, कोणी दगड मारला नाही. पाथरीची माणसं तशी मर्यादशील. कोणाचा उपास निघाला, कोणाच्या पोराला खोकला, कोणी म्हणालं साखर कमी करायला सांगितलीय वैद्यानं. पाण्याच्या हापशावर सरजाबाईनं घागर टेकवली की बायका मागं सरायच्या. मामा मात्र रोज भट्टी पेटवायचा. परात भरायचा. संध्याकाळी ती तशीच गांधीलमाश्यांनी भरलेली असायची आणि तो पंख्यानं त्यांना वारत बसायचा. शाळेला जाताना मी रस्त्याच्या पलीकडून जायला लागले. मला कोणी सांगितलं नव्हतं.

अण्णा पुन्हा गेले. मला बरोबर नेलं. इथं एक सांगायचं राहिलं ते सांगते. आम्ही बौद्ध. अण्णांच्या वडिलांनी छप्पन सालानंतर दीक्षा घेतली होती. नारायणमामा मलाही ताईसाब म्हणायचा, गोड बोलायचा, पण माझ्या हातात त्यानं कधी काही ठेवलं नव्हतं. बाकी मुलींच्या तळहातावर, माझं फळीच्या कडेला. मी उचलून घ्यायची. त्याच्या मनात वाईट नव्हतं, त्याच्या बापाची रीत होती, तो ती विचार न करता चालवत होता. अण्णांना हे माहीत होतं. त्यांनी ते कधी काढलं नव्हतं.

मामा म्हणाला की गोळ्या घ्यायला तो तयार आहे. रोज घेईल. हात राहिले तरी पुष्कळ. पण हात राहून करायचं काय? "माज्या हातचं खाईल कोण, सायब? हातचं कोणी खाईना मंग हात ठिवून काय करू?"

अण्णांनी मला खांद्याला धरून पुढं केलं. मग म्हणाले, "लोक शिवत न्हाईत म्हंजे काय, ते मला कोणी सांगायला नको. माजी शोभा येईल. रोज येईल, रोज तुमच्या हातचं खाईल. पेठ बघू द्या. तुमी गोळी घ्या."

मामानं अण्णांकडे बघितलं, मग माझ्याकडे. परातीतली एक रेवडी उचलली. फळीवर ठेवली नाही. माझा हात हातात घेऊन तळव्यावर ठेवली. त्याची बोटं गार आणि कडक होती. मी अण्णांसमोर ती खाल्ली. अण्णांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि मला वाटत होतं की आत्ताच्या आत्ता ओकून टाकावं.

सात आठ दिवस मी गेले आणि खाल्लं. पेठ बघत होती. वर्गात माझ्या बाकावरची मुलगी उठून मागं जाऊन बसली. मधल्या सुट्टीत माझ्याशी कोणी खेळेना. मी हे अण्णांना सांगितलं नाही, कारण ते म्हणाले असते, बघ, हळूहळू समजेल लोकांना. मग मी रेवडी मुठीत ठेवायला लागले. घरी जाऊन खाते मामा, म्हणायचं आणि वेशीजवळच्या नालीत टाकायची. मामा मान हलवायचा. तो मला दाखवून, पाण्याचा घोट घेऊन, गोळी तोंडात टाकायचा. आमचा सौदा असा चालला होता, आणि त्यातलं माझ्या बाजूचं खोटं होतं.

एके दिवशी सकाळची शाळा होती. मी मूठ मिटली. मामा म्हणाला, उघड. मी उघडली नाही. रेवडीचा पाक घामानं वितळून बोटांच्या फटीतून बाहेर येत होता. त्यानं जोर केला नाही, रागावला नाही. फळी पुसत राहिला.

"उद्यापून नको येऊ ताईसाब," तो म्हणाला. "शाळा बुडती तुजी."

तिसऱ्या दिवशी दुकानाला कुलूप होतं. सरजाबाई आणि तो पहाटेच्या एस्टीनं गेले म्हणे, कुठं ते कोणाला ठाऊक नव्हतं आणि कोणी विचारतही नव्हतं. आमच्या उंबऱ्यावर कागदात बांधलेल्या गोळ्या होत्या, उरलेल्या सगळ्या. अण्णांनी पुडी हातात घेऊन मला विचारलं की तू रोज खात होतीस ना? मी हो म्हणाले. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. मानवत, सेलू, जिंतूर, परभणी, जिथं जिथं दवाखाना होता तिथं तिथं त्यांनी चिठ्ठ्या पाठवल्या. कुठंच नोंद नव्हती.

त्याला चारेक वर्षं झाली असतील. अण्णांची बदली परभणीला झाली होती. पोखर्णीला नरसिंहाच्या जत्रेत खात्याचा तंबू लागला होता. कर्णा लावला होता आणि अण्णांचा आवाज सगळ्या जत्रेवर पसरत होता, तेच जुनं, टोचलं तर कळत नाही, भाजलं तर कळत नाही, दवा आहे, लपवू नका. मी आता मोठी झाले होते, तक्ता धरायची गरज नव्हती. मी पाणी आणायला देवळाच्या मागच्या बाजूला गेले.

तिथं एका लिंबाखाली भट्टी होती. भोवती पोरांचा घोळका. मधे नारायणमामा. डोक्याला फडकं भुवयांच्या जागेपर्यंत खाली ओढून बांधलेलं. डाव्या हाताची दोन बोटं वाकून तळव्याला लागली होती, त्यावर चिंधी होती, चिंधीला साखर लागली होती. उजव्या हातानं तो पोरांना रेवड्या देत होता, एकेकाच्या तळहातावर. पोरं खात होती. त्यांच्या आया हसत होत्या. कर्ण्यातून अण्णा बोलत होते आणि तिथं कोणाचंच तिकडे लक्ष नव्हतं, त्याच्याशिवाय. प्रत्येक वाक्याला त्याची मान थोडी खाली जात होती.

त्यानं वर पाहिलं आणि मला ओळखलं. हात मधेच थांबला. ज्या पोराला मिळायची होती ते हात हलवून मागायला लागलं. मामानं डोळ्यांनीही काही मागितलं नाही. तो फक्त थांबला, मी काय करते ते बघायला.

मी पाठ फिरवली आणि चालत आले. त्याच्या उजव्या हाताची पाचही बोटं अजून वाचण्यासारखी होती, हे मला कळत होतं. अण्णांच्या मुलीला ते कळणारच. पन्नास पावलांवर गोळ्या होत्या. तंबूत अण्णा माइक बाजूला ठेवून घाम पुसत होते. त्या बाजूला फार गर्दी दिसतेय, काय आहे तिकडं, जाऊन येऊ का जरा, असं त्यांनी मला विचारलं.

काही नाही, मी म्हणाले, बांगड्यांची दुकानं आहेत.